प्लग कुणाच्या मीटरवर?

१९७२ साली आलेली बजाज चेतक जानेवारी २०२० मध्ये परतली ती विजेवर. नाव जुनं, पण किक नाही, ऑइल नाही आणि स्कूटर तिरकी करून उरलंसुरलं पेट्रोल खाली आणायची कसरतही नाही. कौतुक इथवर ठीक. खरा घोळ पार्किंगमध्ये आहे. बंगलेवाल्यानं प्लग लावला की झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूनं वायर कुठून सोडायची? मीटर कुणाचा, केबलचा खर्च कुणाच्या माथी, आग लागली तर जबाबदार कोण, यावर सोसायट्यांच्या वार्षिक सभा तापू लागल्या आहेत.

आपली बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. म्हणजे ‘धूर नाही’ हे शहरापुरतंच खरं. तरीही गाडी विजेवर जावी, असंच आमचं मत. मोटर इंजिनापेक्षा ऊर्जा कितीतरी कमी वाया घालवते, शिवाय वीज उन्हापासूनही करता येते. कार्बोरेटर साफ करून घर चालवणाऱ्या गॅरेजवाल्याचं काय, हे मात्र कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही.

तुमच्या सोसायटीनं चार्जिंगचा तिढा कसा सोडवला, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.