७२ ग्लासांचा हिशेब

दारूची भलामण करण्यासाठी हा लेख नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी स्वतःची मजल फार तर अर्ध्या ग्लासापर्यंत. पण मुलीकडे इंग्लंडात, हेरफर्डशायरमधल्या एका लहानशा गावी महिनाभर राहून आलो आणि तिथला पब काही केल्या मनातून जात नाही.

पब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंधार आणि गोंगाट येतो. हा पब म्हणजे गावची चावडीच. बाकाखाली कुणाचा तरी कुत्रा झोपलेला, कोपऱ्यात एक आजीबाई शब्दकोडं सोडवताहेत आणि फळ्यावर खडूनं त्या दिवसाच्या एल आणि सायडरची नावं लिहिलेली.

एल ही बिअरचीच जुनी जात. मालकीणबाईंनी मला तळघरात नेऊन पिंपं दाखवली. खऱ्या एलमधलं यीस्ट पिंपात भरल्यावरही जिवंत असतं. ११ ते १३ अंशांच्या गारव्यात ती आणखी मुरते. वायूचा दाब न देता हातपंपानं ती वर खेचतात. सायडरचं तंत्रही साधंच. शरदात खास तुरट सफरचंदं दळायची, रस पिळायचा आणि आंबू द्यायचा. ब्रिटनच्या कायद्याला सायडरमध्ये ३५ टक्के रस असला तरी चालतो. इथं होता निव्वळ रस.

‘‘पिंप उघडलं की तीन दिवस,’’ बाई म्हणाल्या. ‘‘७२ ग्लास निघतात. संपले तर ठीक, नाहीतर मोरीत.’’

ऊन चढलं की नीरा आंबते, तसंच हे. गाळलेली, वायू भरलेली बिअर कितीतरी आठवडे टिकते. गिऱ्हाईक आज आलं काय नि पुढच्या आठवड्यात आलं काय, तिला फरक पडत नाही. खऱ्या एलला मात्र शेजार लागतो. अशाच टिकाऊ बिअरनं पब व्यापू लागले, तेव्हा १९७१ साली चार तरुणांनी ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ ही चळवळ सुरू केली. तिनं एल वाचवली. पण तीन दिवसांत पिंप संपवण्याचं काम कुठल्याच चळवळीला करता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी हा पब बंद पडायची वेळ आली होती. अख्ख्या गावानं अर्जावर सह्या केल्या. ‘‘त्यातले निम्मे वर्षभर आत आलेच नव्हते!’’ बाई हसत म्हणाल्या. तिकडे उत्तरेला कंब्रियात, हेस्केट न्यूमार्केट गावचा ‘ओल्ड क्राउन’ पब २००३ साली लोकांनी सहकारी तत्त्वावर विकत घेतला. उत्तम झालं. तरीही माझं मत असं की, भागभांडवल एकदा भरून भागतं. हजेरी मात्र दर आठवड्याला लावावी लागते.

हे मी कोणत्या तोंडानं सांगतो आहे? मुंबईत आमच्या नाक्यावरचं इराण्याचं हॉटेल बंद झालं, तेव्हा चारचौघांत सर्वांत जास्त मीच हळहळलो होतो. तिथं शेवटचा ब्रून-मस्का कधी खाल्ला, ते मात्र कितीही ताण दिला तरी आठवेना.

तेव्हा वाचकहो, तुमचं असं एखादं ठिकाण अजून उघडं असेल, तर आज रविवारच आहे. मुलांना घेऊन जाऊन या.