ताळा जुळला, पण हिशोब चुकला

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात सिन्नरहून एक पत्र आलंय. पत्र लिहिणारीने बजावून सांगितलंय, ‘ताई, नाव छापू नकोस.’ म्हणून नाव गुपित.

ती लिहिते, ‘मी यंदा बारावी झाले. घरच्या अडचणीमुळे रोज कॉलेजात जाणं जमणार नाही. दिवसा एका दुकानात कामाला जाते. मला बी.कॉम. करायचंय, पण मी शाळेत कधी अकौंट्स घेतलं नव्हतं. सगळे म्हणतात, इतर विषय घरी वाचून होतात, अकौंट्सला शिकवणी लागतेच. ताई, खरंच क्लासशिवाय अकौंट्स येत नाही का?’

पत्र वाचलं आणि मी जागच्या जागी पंचवीस वर्षं मागे गेले. कारण अगं, मी पण सिन्नरचीच! मी पण दिवसा दुकानात होते, आणि हाच प्रश्न मलाही पडला होता. तेव्हा उत्तर देण्याआधी माझीच गोष्ट सांगते. त्यात एक नापासही आहे, बरं का!

आमच्या घरी आई विड्या वळायची. सिन्नरमध्ये तेव्हा घरोघरी हे काम चालायचं. कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू मोजून आणायचा, विड्या वळून परत न्यायच्या. मजुरी हजारावर. तपासणारा सैल, वाकड्यातिकड्या विड्या बाजूला काढायचा, त्यांना म्हणायचे छाट. छाटेचे पैसे मिळत नसत. त्या मजुरीतून आईने माझी फी भरली आणि मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घातलं.

हे विद्यापीठ आपल्या सिन्नरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, गंगापूर धरणाच्या रस्त्याला आहे. जुलै १९८९ मध्ये ते सुरू झालं. डॉ. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीदवाक्य. ज्यांना रोज वर्गात बसणं शक्य नाही, त्यांनी पुस्तकं घरी न्यावीत, अभ्यास करावा आणि परीक्षा केंद्रावर येऊन पेपर द्यावा, अशी ही पद्धत.

पुस्तकं आली. मी मोठ्या उत्साहाने अकौंट्सचं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच प्रकरणात अडकले. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एक नावे आणि एक जमा. इथवर ठीक. पण पुढे लिहिलं होतं, आपण बँकेत पैसे भरले की आपल्या वहीत बँकेचं खातं ‘नावे’ करायचं. मी आमचं पासबुक काढून पाहिलं. तिथे तर भरलेले पैसे स्वच्छ ‘जमा’ दिसत होते! आता पुस्तक खोटं की बँक खोटी? विचारायला कुणी नाही. दोन दिवस मी तिथेच घुटमळत होते.

उत्तर मिळालं आईच्या वहीत. आई फार शिकलेली नव्हती, पण कारखान्यातून काय आणलं, काय परत दिलं, हे ती एका जुन्या वहीत टिपून ठेवायची. मी तिला म्हटलं, ‘त्यांच्याकडे लिहिलेलं असतंच की. मग तू परत कशाला लिहितेस?’

आई म्हणाली, ‘त्यांनी पानं दिली, म्हणून त्यांच्या वहीत ती माझ्या नावावर पडतात. माझ्या वहीत ते देणारे, म्हणून त्यांचं जमा. वही त्यांची येगळी, माझी येगळी. दोन्ही जुळल्या म्हणजे कुणी कुणाला फसवलं नाही.’

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल. तिच्या वहीत मी पैसे देणारी, म्हणून माझं जमा. माझ्या वहीत बँक घेणारी, म्हणून बँकेच्या नावे. नियम एकच आहे: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. फक्त वही कुणाची, हे आधी विचारायचं.

त्यानंतर गाडी भरधाव सुटली. रोजकीर्द, म्हणजे रोजचे व्यवहार ओळीने लिहिण्याची वही. खतावणी, म्हणजे त्यातला एकेक व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यात नेऊन टाकणं. मग तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी. तिच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज सारखी आली पाहिजे. शेवटी नफा-तोटा आणि ताळेबंद. गंमत म्हणजे यातले रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द मराठेशाहीच्या दफ्तरांतही सापडतात. आणि दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात पहिल्यांदा सविस्तर मांडली ती इटलीतल्या लुका पाचोली या गणित शिकवणाऱ्या धर्मगुरूने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये.

पण माझी एक खोड होती. गणित सोडवायचं, तेरीज जुळली नाही की हळूच पुस्तकामागचं उत्तर बघायचं, कुठेतरी एक आकडा बदलायचा आणि जुळली म्हणून खूश व्हायचं. पाहणारं कोण होतं?

परीक्षेत मात्र मागे उत्तर नव्हतं. माझ्या तेरजेच्या दोन बाजूंत ९० रुपयांचा फरक आला. घाम फुटला. पुन्हा बेरीज, पुन्हा बेरीज. एका गणितात पाऊण तास गेला, फरक सापडला नाही तो नाहीच. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. निकाल लागला: नापास.

तो निकाल मी आईला आठ दिवस सांगितला नाही. फी तिच्या विड्यांची होती ना! शेवटी रात्री ती विड्या वळत बसली असताना एकदम रडूच आलं. तिने हातातलं पान खाली ठेवलं नाही. म्हणाली, ‘छाट निघाली म्हणून वळायचं सोडतं का कुणी? सैल कुठं राहिली ते बघायचं.’

मी बघायला लागले. दुकानात आमचे दिवाणजी काका होते. त्यांना मी तो ९० चा फरक सांगितला. ते हसले, ‘नऊने भाग जातोय का? मग आधी आकडा उलटा पडलाय का ते बघ. ५४० चे ४५० लिहिले की फरक बरोबर ९० चा. ते नसेल तर फरकाचं निम्मं कर. ४५ रुपये चुकीच्या बाजूला पडले, तरी फरक ९० चाच येतो.’

करून बघा दोस्तांनो! शेजारचे कुठलेही दोन अंक उलटे लिहा आणि वजाबाकी करा. उत्तराला नऊने भाग जाणारच.

मी खुशीत म्हटलं, ‘म्हणजे तेरीज जुळली की हिशोब बरोबर!’ तर काकांनी मान हलवली. ‘समज, दुकानासाठी ८०० रुपयांचा वजनकाटा घेतला. तो तू मालाच्या खरेदीत लिहिलास. तेरीज जुळेल का?’

जुळते! ८०० नावे पडले, ८०० जमा पडले. पण काटा काही आपण विकायला आणलेला नाही, तो दुकानात राहणारी मालमत्ता आहे. खरेदीत टाकल्यामुळे नफा ८०० ने कमी दिसतो आणि ताळेबंदात काटा कुठे दिसतच नाही. ताळा जुळला, पण हिशोब चुकला!

घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याला नेमका हाच धोका असतो. वर्गात चूक झाली की सर टोकतात. घरी आपणच विद्यार्थी आणि आपणच सर. तेव्हा सरांनी विद्यार्थ्याला सामील व्हायचं नाही. मी पुस्तकामागचं उत्तर बघून आकडा बदलायचे, तेव्हा माझ्यातल्या सरांनी लाच खाल्ली होती, दुसरं काय!

तर अगं सिन्नरच्या मैत्रिणी, दुसऱ्या खेपेला मी काय केलं ते सांगते.

पहिलं, वेळेचा हिशोब. विद्यापीठं आता विषय श्रेयांकांत मोजतात. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. समजा, विषय चार श्रेयांकांचा आहे. म्हणजे १२० तास. सोमवार ते शनिवार रोज पाऊण तास आणि रविवारी दीड तास, असे आठवड्याचे सहा तास झाले, तर २० आठवड्यांत पुरे. पाऊण तास दुकानातून आल्यावरही निघतो. रविवारी सकाळी मी गोंदेश्वराच्या देवळात वही घेऊन बसायचे. तिथे गारवा आणि शांतताही.

दुसरं, चुकांची वही. गणित चुकलं की नुसतं खोडायचं नाही. चूक काय आणि का झाली, एकेका ओळीत लिहायचं. महिन्याभराने वाचलं तर लक्षात आलं, माझ्या बहुतेक चुका दोनच प्रकारच्या होत्या: घसारा विसरणं आणि मालमत्ता खर्चात टाकणं. सैल विडी सापडली!

तिसरं, नोंदीखालचं स्पष्टीकरण. रोजकीर्दीत प्रत्येक नोंदीखाली ‘माल रोखीने विकत घेतल्याबद्दल’ अशी एक ओळ असते. पुष्कळ मुलं ती गाळतात. तुम्ही ती आधी लिहा. ‘कशाबद्दल’ हे सांगता आलं नाही, तर नोंद समजलेलीच नाही.

चौथं, कुणाला तरी शिकवणं. मी आईला शिकवायचे. ती मध्येच विचारायची, ‘काटा जुना झाला तर?’ मग मला घसारा समजावून सांगावा लागायचा.

आणि पाचवं, घड्याळ लावून जुना पेपर सोडवणं. तेरीज जुळली नाही तर पाच मिनिटं शोधायचं, नाहीतर पुढच्या प्रश्नाला लागायचं. बरोबर नोंदींचे गुण मिळतात. कोऱ्या पानाला कुणी गुण देत नाही.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. फार मोठे गुण नव्हते, पण एकही आकडा मागून बघितलेला नव्हता.

आज तुमच्यासाठी वाटा वाढल्यात. मुक्त विद्यापीठ आहेच. शिवाय ‘स्वयम्’ नावाची केंद्र सरकारची योजना जुलै २०१७ पासून आहे. त्यात घरी बसून पाठ ऐकायचे, गृहपाठ द्यायचा आणि शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. ती पास झाल्यावर मिळालेले श्रेयांक कॉलेजच्या पदवीत धरता येतात. २०२१ पासून तर श्रेयांकांची बँकसुद्धा निघालीय, तिथे आपल्या नावाचं खातं! मात्र एक काळजी घे. आपलं कॉलेज किंवा विद्यापीठ कोणता विषय मान्य करतं, हे नाव नोंदवण्याआधी विचारून घे, जमल्यास लेखी घे. अभ्यास झाल्यावर विचारणं म्हणजे माल विकल्यावर भाव ठरवणं.

आणि ‘बाहेरून’ परीक्षा देणं कमीपणाचं मुळीच नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच वर्गात न येणाऱ्यांना परीक्षेला बसू दिलं. अमेरिकेत ‘क्लेप’ नावाची परीक्षा १९६७ पासून आहे. तिथे अकौंट्सचा पेपर ९० मिनिटांचा, प्रश्न सुमारे ७५. स्वतः शिकून पास व्हा, कॉलेजचे श्रेयांक मिळवा.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: क्लासशिवाय अकौंट्स येतं, पण ताळ्याशिवाय येत नाही. अडलं तर अभ्यासकेंद्रावर विचार, एखाद्या दिवाणजींना विचार, लाजू नकोस. फक्त मागचं उत्तर बघून आकडा बदलू नकोस.

बाकीच्या दोस्तांनो, तुम्ही अजून आठवी-नववीत असाल तर घरच्या खर्चाची महिनाभर रोजकीर्द लिहून बघा. आणि हे या आठवड्याचं कोडं:

एका मुलाने ५०० रुपये घालून सरबताचा गाडा लावला. रोखीने लिंबं-साखर आणली ३०० ची, बर्फ ४० चा. रोख विक्री झाली ४२० ची. शेजारच्या काकूंनी ६० रुपयांचं सरबत उधार नेलं. त्याने तेरीज मांडली, तर जमा बाजू आली ९८० आणि नावे बाजू १२५०! जमा बाजू बरोबर आहे. मग तो चुकला कुठे?

नऊने भाग जातोय का बघा. उत्तर पुढच्या अंकात. आणि हो, मागची पानं चाळू नका, उत्तर तिथे छापलेलं नाही!