बुऱ्हाणपूरचा प्रश्न घेऊन परदेशी जा

बुऱ्हाणपुरातल्या ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी एम.ए., एम.एस्सी. झाली आहे, पीएच.डी.ला नाव घातलं आहे, त्या घरांसाठी हे लिहितो आहे. परदेशात संशोधनासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या पुण्या-मुंबईच्या, इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्याच नशिबी असतात, असं आपल्याकडे धरूनच चालतात. म्हणून अर्जच होत नाहीत. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू असो की जर्मनीची डाड, तिथे टक्के बघतात, इंग्रजी बघतात, हे खरं. पण खरी पारख होते ती प्रश्नाची: तुम्हाला नेमकं काय शोधायचं आहे, आणि त्यासाठी तिकडेच का जायला हवं?

अशा प्रश्नांची आपल्या गावात वानवा नाही. कुंडी भंडारा घ्या. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, 1615 साली, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, कुठलंही यंत्र न लावता, निव्वळ उतारावर शहरात आणलं गेलं. वर शंभराहून जास्त कुंड्या एका रांगेत आहेत. लिफ्टने खाली उतरलात तर भिंतींवर चुन्याचे पांढरे थर दिसतात. पाण्यातला चुना साचत साचत वाट अरुंद होते आहे. हीच विद्या इराणात कनात म्हणून ओळखली जाते; तिथल्या कनातींना 2016 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, आणि आपला भंडारा 2024 पासून संभाव्य यादीत आहे. भूजलाच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवं?

इतिहासवाल्यांचंही तसंच. इंग्रज राजदूत सर टॉमस रो 1615च्या नोव्हेंबरात इथे शाहजादा परवेजला भेटला. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी इथून लिहिलेली पत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्या गावाचा निम्मा इतिहास तिकडे कपाटात आहे, तो वाचायला आपल्यातलं कुणी का जाऊ नये? केळीच्या रोगांवर नेदरलँड्सच्या वाखेनिंगन विद्यापीठात काम चालतं, आणि ज्याच्या घरची बाग सीएमव्ही विषाणूमुळे उपटून टाकावी लागली आहे, त्याला हा विषय कुणी समजावून सांगायची गरज नाही.

महूत जन्मलेले बाबासाहेब 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तिथे कोलंबिया विद्यापीठात 1916 साली त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. गावचा प्रश्न त्यांनी गावीच ठेवला नाही. म्हणूनच केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या राष्ट्रीय विदेश शिष्यवृत्तीतून 2022 साली भारताचा इतिहास, संस्कृती आणि समाज हे विषय वगळले, ते मला अजिबात पटलेलं नाही. पण नियम ठाऊक असायला हवा. अनुसूचित जातीच्या आणि भटक्या-विमुक्त घरांतल्या मुलांनी विज्ञान-तंत्राच्या विषयांसाठी ही योजना जरूर बघावी; इतिहास-समाजाच्या मुलांनी फुलब्राइटकडे वळावं. वारसा-जतनाचं काम करणाऱ्यांना ब्रिटनमधल्या थोड्या दिवसांच्या कामासाठी चार्ल्स वॉलेस ट्रस्टही आहे. कोरकू, भिल्ल, बारेला मुलांसाठी आदिवासी खात्याची योजना वेगळी आहे.

आता अर्ज. "मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे" या वाक्याने सुरुवात करू नका. निवडणाऱ्यांनी ते हजारदा वाचलेलं असतं. "कुंडी भंडाऱ्याच्या बोगद्यांत साचलेल्या चुन्यामुळे पाणी किती कमी झालं ते मला मोजायचं आहे, आणि तो बांधकामाला धक्का न लावता कसा काढायचा ते शिकायचं आहे," असं लिहा. आधी मराठीत किंवा हिंदीत लिहून काढा, विचार स्वच्छ झाला की मग इंग्रजी करा.

तिकडच्या प्राध्यापकाला मेल टाकण्याआधी त्यांचे एक-दोन लेख खरोखर वाचा. मेल एका परिच्छेदाचा असू द्या. उत्तर नाही आलं तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नम्रपणे विचारा. यात कमीपणा काही नाही. त्यांचं पत्र जोडलं की अर्जाला वजन येतं.

नावाचा घोळ आधी निस्तरा. आपल्याकडे मार्कशीटवर मुलीचं नाव आणि आडनाव, वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर मात्र कधी कधी वडिलांचं नाव मध्ये घुसतं. ऐन वेळी हे जुळवताना महिने जातात. आणि फुलब्राइटच्या अर्जाला फी नसते. "सीट पक्की करून देतो" म्हणत कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

आईवडिलांना एक विनंती. मुलीला पाठवायला मन कचरतं, हे समजतं. पण फुलब्राइटमध्ये प्रवासखर्च, राहण्याखाण्याचा भत्ता आणि आरोग्यविमा मिळतो. पीएच.डी.वाल्यांचा मुक्काम सहा ते नऊ महिन्यांचा, आणि काम संपलं की मायदेशी परतायचं ही तर व्हिसाचीच अट आहे. मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या, आणि परत येऊन त्यांनी मायदेशातच काम केलं.

फुलब्राइटची जाहिरात साधारण फेब्रुवारी-मार्चात निघते, मुदत जुलैच्या आसपास संपते आणि जायचं असतं ते पुढच्या वर्षी. तारखा आणि अटी बदलतात, म्हणून चालू वर्षाची सूचना स्वतः वाचा. शिफारसपत्रासाठी सरांकडे किंवा मॅडमकडे किमान महिनाभर आधी जा, आणि जाताना आपला कच्चा मसुदा सोबत न्या, म्हणजे तुमच्या कामाबद्दल त्यांना नेमकं लिहिता येईल.