एकर विकून हजार फूट

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी जुनी म्हण आहे. कोरडवाहू मुलखात आता या दोन गोष्टी वेगळ्या राहिलेल्या नाहीत. मुलाचे लग्न जमवायला गेले की मुलीकडची माणसे पूर्वी विचारीत, जमीन किती? आता विचारतात, तालुक्याला घर आहे का? दहा एकर काळी असलेल्या बापालाही तिथे खाली मान घालावी लागते. यात मुलीच्या बापाची चूक काढू नका. तोही शेतकरीच आहे. कापूस वेचून आणि डोक्यावर पाणी वाहून बायकोची काय दशा झाली, ते त्याने घरातच पाहिलेले आहे.

शेतकऱ्याने गाव सोडू नये, असा उपदेश करणारी विद्वान मंडळी बहुतेक नळाचे पाणी पिणारी असतात. पोरांची शाळा, म्हाताऱ्याचा दवाखाना, बाजार आणि बँक तालुक्याला असेल तर माणूस तालुक्याला जाणारच. तेव्हा जावे की जाऊ नये, हा वाद मी घालत नाही. प्रश्न एवढाच की जाताना आपण काय देतो आणि बदल्यात काय घेतो. तो हिशेब मांडू.

एकरी पाच क्विंटल कापूस धरा. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये. तो पुरता पदरात पडला तरी एकराचे झाले ३८,५५०. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी जाऊन एकरी दहा हजार उरले, असे उदार मनाने समजू. दहा एकरांचे लाख रुपये. घरात कोणी जेवले नाही, कोणी आजारी पडले नाही, तर सहा वर्षांत सहा लाख साठतील. तालुक्याला सहाशे रुपये फुटाने हजार फुटांचा प्लॉट घ्यायचा तर तेवढेच लागतात. त्यावर भिंत अजून एकही उभी नाही.

सहा वर्षे कोणी उपाशी राहत नाही. म्हणून एक एकर विकला जातो. आडरानातल्या जिरायती एकराला सहा लाख आले असे धरा. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. म्हणजे फुटाला चौदा रुपयेसुद्धा पडले नाहीत. चौदाने विकले आणि सहाशेने घेतले. त्रेचाळीस हजार फूट देऊन हजार फूट आणले. दुसऱ्या कोणत्याही धंद्यातला माणूस असा सौदा करून आला तर घरचे त्याला वेड्यात काढतील. आपल्याकडे त्याचे पेढे वाटतात.

माती ती माती, मग एवढा फरक का? गावाजवळची जागा महाग आणि आडरानातली स्वस्त, हे कोणालाही मान्य. पण सगळा फरक अंतराचा नाही. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी, असा कायदा आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा, मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा, विदर्भात १९५८ चा. कलेक्टरच्या परवानगीची वाट आहे, पण ती वाट कोणाची आहे ते सांगायला नको. विकणारा अडलेला आणि घेणाराही त्याच्यासारखाच कोरडवाहू, कर्जात बुडालेला. अशा बाजारात भाव कसला फुटणार? त्याच जमिनीला लेआऊटचा शिक्का लागला की डॉक्टर, मास्तर, व्यापारी, कंत्राटदार सगळे गिऱ्हाईक. विकताना आपण बंद बाजारात उभे असतो आणि घेताना खुल्या बाजारात. आपले रक्षण करायला म्हणून केलेल्या कायद्याने आपल्यालाच कोंडवाड्यात घातले.

कोणी म्हणेल, जमीन कशाला विकता? गावातले घर गहाण टाका, बँकेचे कर्ज काढा. बँकेत जाऊन तर पाहा. साहेब आधी पगाराची चिठ्ठी मागतात, मग घराचा कागद. आपण मोठ्या विश्वासाने नमुना ८ पुढे करतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची यादी आहे, मालकीचा कागद नव्हे. त्याची गल्लत तलाठ्याच्या ८-अ शी होते, आणि ८-अ मध्ये तर तुमच्या शेतजमिनीचे खाते असते. घराचा त्यात संबंध नाही. आपले वाडवडील काळी आणि पांढरी म्हणत. काळीचा सातबारा झाला, पांढरीचा कागद बहुतेक गावांत झालाच नाही. चार पिढ्या जिथे जन्मल्या आणि मेल्या त्या घराची बँकेच्या लेखी किंमत शून्य. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना निघाली. ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक द्यायचे ठरले. काम चांगले आहे, चांगल्याला चांगलेच म्हणावे. पण स्वातंत्र्यानंतर त्र्याहत्तर वर्षे हे कोणाला का सुचले नाही? आणि ज्यांच्या गावात मोजणी झाली त्यांनी पत्रकावर नाव, क्षेत्र आणि चारी बाजूंच्या हद्दी बरोबर आहेत का हे आजच वाचून घ्यावे. भावकीत एकाच्याच नावाने लागलेले घर उद्या कोर्टात जाते.

आता प्लॉटवाल्याकडे वळू. तालुक्याच्या कोणत्याही रस्त्याला दोन-तीन किलोमीटर जा. पांढरे दगड रोवलेले, मुरूम टाकलेला, पाटी लावलेली. प्लॉटवाला म्हणतो, “भाऊ, एन.ए. तर होऊनच जाते! आता घ्याल तर स्वस्त, मग हेच डबल.” इसार घेतो, स्टॅम्पपेपरवर लिहून देतो, नोटरीचा शिक्का मारतो. शिक्का गोल आणि लाल असल्याने आपला विश्वास बसतो. दादा, शंभर रुपयांच्या वरच्या स्थावराचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय मालकी येत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यापासून हे असे आहे. नोटरीने फक्त सही तुमचीच असल्याचे सांगितले, जमीन तुमची झाल्याचे नव्हे.

दुसरी तऱ्हा याहून हुशारीची. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकता येत नाही. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. मग प्लॉटवाला वीस माणसे गोळा करतो आणि वीस गुंठ्यांचे एकच सामाईक खरेदीखत करतो. सातबारावर वीस नावे चढतात. कागद खरा, नोंदणी खरी, पण तुमचा गुंठा कोणता हे कुठेच लिहिलेले नाही. घर बांधायला परवानगी नाही, कर्ज नाही, आणि विकायचे म्हटले तर एकोणीस जणांच्या दाराशी जा. त्यातला एक मेला की त्याचे चार वारस येतात.

सरकारलाही हे कळते. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० च्या अखेरपर्यंत वाढवली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार २०१७ मध्ये बाजारभावाच्या २५ टक्के भरून कायम करायची सोय आली. पैसे भरायला फारसे कोणी फिरकले नाही, तेव्हा २०२४ मध्ये ते ५ टक्के केले आणि २०२५ मध्ये शुल्कच काढून टाकले. ज्यांचे जुने गुंठे अडकलेले आहेत त्यांनी याचा फायदा घ्यावा. मात्र ही सोय शहरांच्या व नगरपंचायतींच्या हद्दीतल्या आणि आराखड्यात निवासी दाखवलेल्या जमिनींसाठी आहे, शिवाय व्यवहार १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचा पाहिजे. कालपरवा घेतलेला प्लॉट “आता सगळे माफ झाले” म्हणून गळ्यात मारत असतील तर सावध असा. जो कायदा पाळताच येत नाही तो आधी करायचा आणि मग दर काही वर्षांनी माफी द्यायची, हा कारभार सावकाराच्या वहीसारखा आहे. वही फाटत नाही, फक्त पान उलटते.

यात सर्वांत जास्त कमावतो तो मधला माणूस. तालुक्याला लागून असलेला एकर चाळीस लाखांना घेतला असे धरू. रस्ते आणि मोकळी जागा सोडून ४० टक्के गेले तरी सव्वीस हजार फूट विकायला उरतात. सहाशेने दीड कोटीच्या वर होतात. खर्च वजा करा, नफा उदार हाताने द्या, तरी प्रश्न उरतो. जमीन देणारा शेतकरी आणि प्लॉट घेणाराही शेतकरी. मग हे काम त्या दोघांनीच मिळून का करू नये? पुण्याजवळ हडपसरच्या मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली. स्वतःची कंपनी काढली आणि २००० च्या आसपास वसाहत उभी करायला घेतली. जमिनीच्या प्रमाणात भागीदारी ठेवली. तिथे पुणे शहर दाराशी आले होते आणि नोकरदारांचे गिऱ्हाईक तयार होते, आपल्या तालुक्याला तसे कोणी येणार नाही हे खरे. पण पाच एकर, चार भाऊबंद आणि नगररचना खात्याचा मंजूर नकाशा, एवढे तर जमू शकते.

आणि तसे केले तर घर कोणत्या मापाचे, हेही आपल्याला ठरवता येईल. ही बाब लहान नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातली बावन्न गावे नव्या जागी वसवली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली. हजारो माणसे दगडमातीखाली गेली होती, तेव्हा पक्क्या घराची गरज होती यात वाद नाही. पण नकाशा काढणाऱ्याने शहरातली वसाहत डोळ्यापुढे ठेवली. सरळ रस्ते झाले, ओळीने घरे झाली. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, ज्वारीची पोती कुठे ठेवायची? लोकांनी मग आपापल्या हाताने पत्रे मारून गोठे काढले. घरकुल योजनेतले घर आजही किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २७० फुटांचे. कापूस उत्पादकाचे घर हेच त्याचे गोदाम असते. २०२२ मध्ये दहा हजारांच्या वर भाव पाहिलेल्या माणसाने पुढच्या वर्षी बैठकीच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवला होता. भाव काही आला नाही. अंगाला खाज मात्र सुटली आणि पोरे ओसरीत झोपली. तालुक्याच्या हजार फुटांत तीन खोल्या काढल्यावर कापूस जाणार कुठे? मग तो जिनवाला देईल त्या भावाने वेचणीच्या दिवशीच द्यावा लागतो. तेव्हा ज्याचे शेत अजून चालू आहे त्याने गावचे घर मोडू नये. घराला कुलूप लावून जमीन मक्त्याने देणाऱ्यांचे काय चालले आहे ते आपण पाहतोच. कूळ लागेल या भीतीने मक्ता तोंडी राहतो आणि कसणाऱ्याला पीककर्ज मिळत नाही.

घ्यायचेच असेल तर घाई करू नका. इसार देण्याआधी सातबारा आणि फेरफार पाहा, तीस वर्षांचा सर्च वकिलाकडून काढून घ्या, मंजूर लेआऊटचा नकाशा मागा आणि त्यावर तुमच्या प्लॉटचा नंबर आहे का ते बघा. एन.ए.चे नियम गेल्या काही वर्षांत सैल होत आले आहेत. मंजूर नकाशाशिवाय मात्र प्लॉट म्हणजे दगड रोवलेले वावर. खरेदीखत घरच्या बाईच्या नावाने करा. तयार घर एकट्या बाईच्या नावाने घेतले तर एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे. सवलत नसती तरी हेच सांगितले असते, कारण दारूत किंवा सट्ट्यात घर गेल्याच्या गोष्टी पुरुषांच्या नावावरच्या घरांच्याच असतात. गावच्या घरालाही नमुना ८ वर दोघांची नावे लावून घ्या.

जिल्हा बैठकीपुढे माझे दोन ठराव आहेत. पहिला, शेतजमीन कोणी घ्यावी यावरचे बंधन काढून टाकावे. गावजमीन धनिकांच्या घशात जाईल, अशी भीती काही जुन्या कार्यकर्त्यांना वाटते. त्यांनी बैठकीत बोलावे, मी उत्तर देईन. दुसरा, ज्या गावठाणांची मोजणी राहिली आहे त्यांची मुदत घालून मोजणी करावी आणि मालमत्ता पत्रकावर बँकांनी शेतकऱ्याला घरकर्ज द्यावे. ज्यांच्याकडे सामाईक खरेदीखते आहेत त्यांनी त्यांची झेरॉक्स आणि चालू सातबारा बैठकीला सोबत आणावा. एकेका गटाचे वीस जण एकत्र बसवून अर्ज तिथेच लिहून घेऊ.