माल भरणाऱ्या प्रत्येक हाताला शिकवा

तळोजा, पाताळगंगा, रोहा-धाटाव, महाड, लोटे, तारापूर, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींतल्या कारखानदारांना, ट्रान्सपोर्ट मालकांना, डिस्पॅच सांभाळणाऱ्यांना आणि ड्रम उचलणाऱ्या, टँकर चालवणाऱ्या कामगार बंधू-भगिनींना हे आवाहन आहे. ज्वलनशील, विषारी किंवा दाहक माल पाठवण्याच्या कामाला ज्याचा ज्याचा हात लागतो, त्या प्रत्येकाला त्या कामाचे रीतसर शिक्षण द्या. फक्त चालकाला नव्हे.

चालकाबद्दल कायदा पुरेसा स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 9 सांगतो की धोकादायक माल नेणाऱ्या चालकाने तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असावे, त्याच्या परवान्यावर तशी नोंद असावी आणि पुढे उजळणीही व्हावी. त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, असेही त्यात आहे. नियम 131 माल पाठवणाऱ्यावर जबाबदारी टाकतो: गाडीची कागदपत्रे वैध आहेत, प्रथमोपचाराचे आणि बचावाचे साहित्य गाडीत आहे, वाहतूकदाराला मालाची पूर्ण माहिती दिली आहे आणि चालक प्रशिक्षित आहे, हे त्याने पाहायचे. म्हणजे ‘गाडी ट्रान्सपोर्टवाल्याची, आमचा संबंध गेटपर्यंत’ असे कोणत्याही कारखान्याला म्हणता येत नाही. नियम मोडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे.

पण ड्रमवर लेबल चिकटवणारी बाई, बिल्टी लिहिणारा कारकून, कोणता ड्रम कशाशेजारी लावायचा हे संध्याकाळच्या घाईत ठरवणारा लोडर यांचे काय? मोटार वाहन नियमांनी त्यांच्यासाठी असा कोणताही वर्ग सांगितलेला नाही. तोच ड्रम न्हावा-शेव्याहून जहाजाने जाणार असेल, तर सागरी वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संहिता किनाऱ्यावर माल बांधणाऱ्या-भरणाऱ्या माणसालाही प्रशिक्षण बंधनकारक करते. 2010 पासून ते सक्तीचे आहे. विमानाने जाणार असेल, तर दर दोन वर्षांनी पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागते. आणि टेम्पोने भिवंडीच्या गोडाऊनला जाणार असेल, तर मोटार वाहन नियम भरणाऱ्याकडून काहीच मागत नाहीत. ड्रमातले रसायन तेच, उचलणारा माणूसही तोच. ही तफावत मला मान्य होत नाही, आणि कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्याचे कारणही दिसत नाही.

माल भरताना झालेली चूक केवढी महाग पडते, हे मुंबईला कोणी वेगळे सांगायला नको. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटके होती. कराचीला त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी चढवल्या गेल्या, तेलाची पिंपेही चढली. कापूस एकदा आतून धुमसायला लागला की विझवणे किती कठीण, हे त्या धंद्यातल्या लोकांना माहीत होते. तरी युद्धाची निकड म्हणून हे सारे एकत्र रचले गेले. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. दुपारी धूर दिसला, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे गेली, गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली. आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्या दिवशी मानवंदना देताना आपण आगीशी लढणाऱ्यांचे शौर्य आठवतो. ती आग मालाच्या रचनेत आधीच पेरली गेली होती, हेही त्याच दिवशी बोलले पाहिजे.

दुसरी घटना अमेरिकेतली आहे. 11 मे 1996 रोजी मायामीहून अटलांटाला निघालेले व्हॅल्यूजेटचे विमान उड्डाणानंतर काही मिनिटांत फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले. विमानातले सर्व 110 जण गेले. सामानाच्या कप्प्यात प्राणवायू तयार करणारी, मुदत संपलेली उपकरणे खोक्यांत भरून ठेवली होती. ती सुरू झाली की प्रचंड तापतात, म्हणून त्यांवर सुरक्षा टोपी लावायची असते. टोप्या लावलेल्या नव्हत्या आणि कागदावर नोंद होती, ‘रिकामे’. देखभालीचे काम करणाऱ्या सेबरटेक या कंपनीवर फौजदारी खटला चालला. अपिलात धोकादायक माल पाठवल्याचे आरोप टिकले नाहीत. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण न दिल्याचा दोष मात्र कायम राहिला. मालकांनी हा निकाल नीट वाचावा अशी माझी विनंती आहे. माल कोणी, कसा, कुठे पाठवला यावर वकील वाद घालू शकतात. माणसांना शिकवले नाही, याचे उत्तर कोणाकडेच नसते.

रिकाम्या ड्रमांबद्दल आपल्याकडेही तोच समज आहे. द्रावणाचा ड्रम ओतून झाला तरी आत वाफ उरते आणि भरलेल्या ड्रमापेक्षा ती लवकर भडकू शकते. असे ड्रम न धुता, झाकण न लावता टेम्पोत रचून भंगारात पाठवू नका. त्यांना गॅस कटर लावणाऱ्याला आत काय होते हे कोणी सांगितलेले नसते.

मग शिकवायचे काय? वातानुकूलित खोलीतली चित्रफीत आणि शेवटी सह्यांचा कागद, एवढ्यावर भागवू नका. लोडिंगच्या जागी उभे राहून, रोज हाताळल्या जाणाऱ्या ड्रमावर बोट ठेवून शिकवा. धोक्याचे नऊ वर्ग आणि त्यांची चौकटीतली चित्रे. टँकरच्या मागे लावलेल्या फलकावरचे आकडे: 1203 म्हणजे पेट्रोल, 1830 म्हणजे गंधकाम्ल. पेट्रोलच्या फलकावरचा 3 फेस वापरायला सांगतो, आणि ई हे अक्षर माणसे लांब हलवायला. कशाशेजारी काय ठेवायचे नाही, हे तर सर्वांत आधी. हायपोक्लोराइट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र सांडले की क्लोरीन वायू सुटतो. हायड्रोजन पेरॉक्साइड द्रावणांजवळ नको. नायट्रिक आम्ल सांडले तर लाकडाचा भुसा टाकू नका, तो पेट घेऊ शकतो. 1973 मध्ये पॅन अॅमच्या मालवाहू विमानात नायट्रिक आम्लाच्या बाटल्या भुशात बांधल्या होत्या. बोस्टनला विमान उतरवताना तिन्ही वैमानिक कर्मचारी मृत्युमुखी पडले. बांधणाऱ्याला एक वाक्य कोणी सांगितले असते तर!

शिकवण कामगाराच्या भाषेत हवी. आपल्या टँकरवरचे कितीतरी चालक उत्तर प्रदेश-बिहारचे, लोडर मराठवाड्यातले किंवा झारखंडचे. नियमानुसार चालकाजवळ असायलाच हवे ते ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचा धोका आणि अपघातात काय करायचे हे सांगणारे कार्ड, बहुधा नुसत्या इंग्रजीत असते. त्याच्या पाठीवर हिंदी आणि मराठी छापायला फार खर्च येत नाही. गाडी सुटण्याआधी चालकाकडून ते मोठ्याने वाचून घ्या. वाचता आले नाही तर समजावून सांगा, आणि त्याने आपल्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय गेट पास देऊ नका.

कामगारांनो, तुम्हालाही सांगणे आहे. ड्रमात काय आहे हे विचारणे म्हणजे उर्मटपणा नव्हे. लेबल फाटलेले असेल, झाकण गळत असेल, तर हात लावण्याआधी सुपरवायझरला बोलवा. मालकांनी अशा माणसाला कामचुकार ठरवू नये. तुमचा कारखाना तोच वाचवतो आहे.

महामार्गालगतच्या गावकऱ्यांना एकच विनंती. जून 2023 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ टँकर पेटला, तेव्हा पुलाखालून जाणारेही होरपळले. 2017 मध्ये पाकिस्तानात अहमदपूर पूर्व इथे उलटलेल्या टँकरमधले पेट्रोल भरून घ्यायला धावलेले दोनशेहून अधिक लोक जळून मेले. टँकर उलटला की कॅन घेऊन जाऊ नका, मोबाइल घेऊन चित्रण करायलाही जाऊ नका. वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब सरा, 112 वर फोन करा आणि दुरून दिसत असेल तर फलकावरचा आकडा सांगा.

कारखानदार आणि ट्रान्सपोर्ट मालक यांनी या महिन्यातच आपल्या डिस्पॅचमधल्या प्रत्येक माणसाची यादी करावी: कंत्राटी, रोजंदारी, सुट्टीत बदली येणारा, सगळ्यांची. कोणाला काय शिकवले, केव्हा शिकवले, पुन्हा केव्हा शिकवणार, हे त्यात लिहावे. ज्याच्या नावापुढे काही नसेल, त्याला तोवर धोकादायक मालाला हात लावू देऊ नका. आणि दारात आलेल्या चालकाच्या परवान्यावर नोंद नसेल, तर ऑर्डर कितीही तातडीची असो, गाडी न भरता परत पाठवा.