खर्जाची साथ

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसें न्यायालयच भरलें होतें. आरोपी पुण्यास, फिर्यादी माजघरांत, आणि न्यायाधीशाचें काम, घरांतील वडील माणूस व निवृत्त मास्तर या दुहेरी नात्यानें, आमच्याकडे आलें. आरोपी म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव. वय वर्षें २९. संगणकाच्या एका कंपनींत नोकरी. पगार असा कीं तो ऐकून आम्हां मास्तर मंडळींनीं मान खालीं घालावी. व्यसन सुपारीचेंही नाहीं. गुन्हा एवढाच कीं, शनिवार-रविवारीं हा गृहस्थ चार मित्रांबरोबर कोठें हॉटेलांत, कोठें लग्नाच्या स्वागतसमारंभांत बँड वाजवितो. आणि त्यांतही गात नाहीं, पेटी वाजवीत नाहीं, तर ‘बेस’ नांवाची चार जाड तारांची गिटार घेऊन सर्वांच्या मागें उभा राहतो.

“पुढें तरी उभा राहिला असता, म्हणजे चारचौघांत नांव तरी झालें असतें,” हें त्याच्या मातोश्रींचें दुःख. बार्शीकडील एक चांगलें स्थळ चालून आलें होतें. मुलीच्या वडिलांच्या कानीं ‘मुलगा हॉटेलांत वाजवितो’ एवढेंच गेलें. ते ‘विचार करून कळवितों’ म्हणून उठले, ते आजतागायत विचारच करीत आहेत. परंतु खरा घाव याहून खोल होता. आमच्या मातोश्रींच्या वर्षश्राद्धास सर्व घर जमलें असतां हा नातू तेवढा आला नाहीं. त्याच दिवशीं कोठेंसें वाजविण्याचें कबूल केलें होतें आणि बदली माणूस मिळाला नाहीं, असें त्यानें फोनवरून कळविलें.

“भावोजी, तुमचें तो ऐकतो. आतां पुरें म्हणावें,” अशी आज्ञा घेऊन आम्ही कुर्डुवाडीस आगगाडींत बसलों.

वाचकांस एक गोष्ट येथेंच सांगून टाकलेली बरी. या खटल्यांतील न्यायाधीश त्याच गुन्ह्यांतला जुना गुन्हेगार आहे. परंड्यास नोकरी करीत असतां आम्हीं ३८ वर्षें भजनी मंडळांत मृदंग वाजविला. सप्ताह असो, काकडा असो, कोणा बुवांचें कीर्तन असो, साथीचा माणूस अडला कीं आमच्याकडे निरोप येई. बिदागी म्हणजे नारळ आणि कधींमधीं एक उपरणें. एस्. टी. च्या गाडींत मृदंगाची पिशवी मांडीवर घेऊन बसावें, वाहकानें ‘गुरुजी, याचें तिकीट कोण काढणार?’ म्हणून विचारावें, आणि पहांटे परत येऊन अकराच्या घंटेस वर्गांत उभें राहावें, असा तो क्रम.

मृदंगाचें उजवें तोंड बोलकें. लोक त्यावर माना डोलावतात. डाव्या तोंडावर मात्र वाजविण्यापूर्वीं दर वेळीं ओली कणीक थापावी लागते. कणकेच्या वजनानें कातडें सावकाश हलूं लागतें आणि आवाज खालीं उतरतो. कमी पडली तर पोकळ वाजतें. अधिक झाली तर आवाज बसतो. कीर्तन संपलें कीं ती खरवडून काढावयाची. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत अशी कथा आहे कीं, स्वातिमुनींनीं तळ्यांतील कमळाच्या लहान, मध्यम व मोठ्या पानांवर पडणाऱ्या पावसाचे निरनिराळे ध्वनि ऐकिले आणि त्यांवरून पुष्कर वाद्यें घडविलीं. त्या मोठ्या पानाचा आवाज आमच्या वांट्यास आला असें आम्ही गमतीनें म्हणत असूं. परंतु तो आवाज निघे तो स्वयंपाकघरांतील एका पोळीच्या कणकेंतून, आणि ती कणीक मळून, ओल्या फडक्यांत गुंडाळून डब्यांत देणारे हात आमचे नव्हते.

तरुणपणीं आम्हांसही पुढें येण्याची हांव होती. एका सप्ताहांत बुवांचा अभंग रंगांत आला असतां आम्हीं आमचे सर्व तुकडे एकामागून एक झाडले. लोक खूष झाले. उत्तररंग संपल्यावर बुवांनीं आम्हांस बाजूला घेतलें आणि हळूच म्हटलें, “मास्तर, वाजवितां फार छान, पण मला उभें राहावयास जमीन ठेवा.” त्या दिवसापासून भजनी ठेका सोडून आमचा हात फारसा भटकला नाहीं.

आमच्या तालुक्यांतील डोमगांवास सीनेच्या कांठीं कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थांनीं सांगावें आणि कल्याणांनीं लिहावें, अशी दासबोधाच्या लेखनाची परंपरा सांगतात. डोमगांवची दासबोधाची हस्तलिखित प्रत अभ्यासकांस सुपरिचित आहे. ग्रंथावर नांव समर्थांचें, अक्षर कल्याणांचें. त्या मठांत भजनास बसलों म्हणजे मागें बसण्याची लाज वाटेनाशी होई.

असो. पुण्यास चिरंजीवांनीं आम्हांस आपल्या तालमीच्या खोलीवर नेलें. भिंतींस जुन्या गाद्या टांगलेल्या, जमिनीवर तारांचें जाळें, आणि पांच जण: एक बँकेंतील, एक दांतांचा वैद्य, एक महाविद्यालयांतील शिक्षिका, आणि दोघे संगणकवाले. खोलीचें भाडें तासावर. तें सर्वांनीं वांटून द्यावयाचें. त्यांनीं गाणें सुरू केलें. आवाज पुष्कळ होता. परंतु ज्या किल्ल्यांतून मुलूखमैदान तोफ १६३२ मध्यें विजापुरास गेली त्या गांवचे आम्ही, मोठ्या आवाजास भिणारे नव्हे. अडचण निराळीच होती. आमच्या पुतण्याचीं बोटें चाललेलीं दिसत, पण त्याचें वाद्य कांहीं केल्या ऐकूं येईना.

तसें आम्हीं त्यास सांगितलें. तो हंसून म्हणाला, “काका, कानांनीं शोधूं नका. मी मध्येंच थांबतों, मग बघा.”

पुन्हा गाणें सुरू झालें आणि दुसऱ्या कडव्यास त्यानें हात उचलला. इतर चौघे पूर्वीप्रमाणेंच वाजवीत होते. तरीही वासे तेच ठेवून खालचे खांब काढून घ्यावेत तसें कांहींसें झालें. गाणाऱ्या बाई देखील चमकून मागें वळल्या. चार मात्रांनंतर त्यानें पुन्हां तार छेडली आणि आमचा डावा हात, आम्हांस न विचारतां, मांडीवर पडला.

मग त्यानें वाद्य आमच्या हातीं दिलें. तारा चार, त्यांतली सर्वांत जाड तार धातूची बारीक तार गुंडाळून जड केलेली. ती सेकंदास सुमारें ४१ वेळां हलते. वजन वाढवावें म्हणजे सूर उतरतो हें आमच्या कणकेचेंच शास्त्र! अशा सुराची हवेंतील लाट सुमारें २७ फूट लांब असते. म्हणून ती गादीला आणि भिंतीला दाद देत नाहीं, आणि शेजाऱ्यांस गाणें ऐकूं न येतां हा घुमारा तेवढा ऐकूं येतो. पूर्वीं पाश्चात्य बँडांत हें काम माणसाहून उंच अशा सारंगीवजा वाद्याकडे असे. तें वाहून नेणें कठीण आणि गर्दींत ऐकूं येणेंही कठीण. अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं १९५१ मध्यें गळ्यांत अडकविण्याजोगी, विजेवर चालणारी आणि सुराचे पडदे बसविलेली बेस गिटार बाजारांत आणली, आणि हा मागचा वादक गाडींत बसून गांवोगांव फिरूं लागला. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ हें वाद्य वाजवीत. तीं गाणीं आपण सर्वांनीं गुणगुणलीं. वाझ हें नांव किती घरांत ठाऊक आहे?

रात्रीं जेवल्यावर आम्हीं हिशेब विचारला. मिळालेल्या पैशांतून गाडीभाडें, तारा, खोली वजा जातां हातीं बहुधा शून्य, कधीं पदरमोड. “मग कशासाठीं?” असें विचारतां तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, “काका, आठवडाभर मी एकटा पडद्यापुढें बसतों. मी केलेलें काम कोणाच्या उपयोगीं पडलें हें मला कळत देखील नाहीं. येथें मी एक मात्रा चुकलों तर चार माणसें त्याच क्षणीं वळून बघतात.”

यावर ‘आतां पुरें’ हे शब्द आमच्या तोंडून निघेनात. परंतु श्राद्धाची गोष्ट सोडून देणेंही शक्य नव्हतें. “तुझी आजी तुझ्या पानाकडे पाहत नव्हती, ती गेली होती. पण तुझा बाप पाहत होता,” एवढेंच आम्ही म्हणालों. तो खालीं पाहूं लागला.

तेव्हां आम्हीं त्यास तें सांगितलें, जें आजवर कोणास सांगितलें नव्हतें. आमची मुलगी चार वर्षांची असतां तिला कडक ताप भरला होता. त्याच रात्रीं बाहेरगांवीं कीर्तनाची साथ कबूल केलेली. आम्ही गेलों. मंडळी ‘मास्तर शब्दाचे पक्के’ म्हणून वाखाणूं लागली आणि आम्हांस तें गोड वाटलें. पहांटे परतलों तों ताप उतरला होता. सौभाग्यवती मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवीत रात्रभर बसली होती. ती एक शब्द बोलली नाहीं. आमच्या हातून डबा घेतला, घासला आणि पालथा घातला. आम्ही साथीचे पक्के होतों खरे. पण घरांत आमची साथ कोण करीत आहे, हें वळून पाहिलें नव्हतें. तुझ्या मित्रांना तुझी चूक त्याच क्षणीं ऐकूं येते; घरांतील माणसांची चुकलेली मात्रा ऐकूं यावयास आम्हांस वर्षें लागलीं.

हॉटेल आणि देऊळ एक नव्हे, हें आम्हांस समजतें, आणि कांहीं जागा आम्हांस पसंत नाहींत हेंही आम्हीं त्यास स्पष्ट सांगितलें. परंतु निकाल दिला तो असा: वाद्य सोडूं नये. वर्षांतले घरचे दिवस आधीं दिनदर्शिकेवर मांडून मित्रांस द्यावे, आणि त्या दिवशींचें निमंत्रण स्वीकारूं नये. बदली वादक एक तरी तयार करावा. ज्या मुलीशीं बोलणें होईल तिला ही गोष्ट पहिल्याच भेटींत, आपल्या तोंडानें सांगावी; जमल्यास तालमीस आणून बसवावी. आणि येत्या महालयांत आजीच्या तिथीस एक दिवस आधीं परंड्यास येऊन बापाबरोबर बाजारहाट करावा.

घरीं परतल्यावर माजघरांत निकाल वाचून दाखविला. फिर्यादी पक्षाचें पूर्ण समाधान झालें असें म्हणवत नाहीं. तिथीस मुलगा येतो कीं नाहीं तें पाहून बोलूं, असें भावजयींचें मत पडलें, आणि तें न्यायाचेंच आहे. आमच्या सौभाग्यवती तांदूळ निवडीत ऐकत होत्या. सर्व ऐकून झाल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, “त्याच्या त्या वाद्याला कणीक लागते का हो?”

“नाहीं,” आम्ही म्हणालों.

“मग सांगा त्या बार्शीकरांना, मुलगी द्यायला हरकत नाहीं.”