गोल तारेची बाजू

या आठवड्यात पुन्हा एका मथळ्याने घरच्या तापमानाला चालणाऱ्या अतिवाहकाची हूल उठवली आणि मी वैतागलो. एलके-९९ या तशाच कथित अतिवाहकाच्या गदारोळात इथे लिहिलं होतं, तेच आज लिहितो : तापमान पुरे, तार दाखवा.

बेडनॉर्त्झ आणि म्यूलर यांना सिरॅमिक अतिवाहक सापडला १९८६ साली. अशा सिरॅमिकच्या तारेची मधली वेटोळी वापरून अमेरिकेतल्या टॅलाहासीच्या चुंबक प्रयोगशाळेने ३२ टेस्लाचा पूर्ण अतिवाहक चुंबक चालवला, तोवर २०१७चा डिसेंबर उजाडला. बशीइतक्या ठिसूळ पदार्थाला वाकवायला शिकण्यात एवढी वर्षं गेली.

त्या चुंबकातली तार म्हणजे खरं तर चपटी फीत होती. शेजारच्या दोन स्फटिकांची तोंडं काही अंशांनी फिरली तरी प्रवाह गळतो. म्हणून धातूच्या पट्टीवर मायक्रॉन-दोन मायक्रॉन जाडीचा थर, त्यातले सगळे स्फटिक एका दिशेला, तेही शेकडो मीटर. हे कौशल्य थोर आहे, मी त्याचं कौतुक केलेलंच आहे. पण चपट्या फितीच्या रुंदीत नको ते प्रवाह फिरतात, क्षेत्राचा एकसारखेपणा बिघडवतात आणि फितीवर ताण आणतात.

बिस्मथ-२२१२ या दुसऱ्या सिरॅमिक अतिवाहकाची तार मात्र गोल. चांदीच्या नळीत भुकटी भरायची, सोनार ओढतो तशी ओढायची, अशा तारांची जुडी करून पुन्हा ओढायची. आधी वेटोळं गुंडाळायचं, मग प्राणवायूत ८९० अंशांच्या आसपास भाजायचं. चांदीतून प्राणवायू आत शिरतो. इतकं करूनही प्रवाह वाढेना. संशय स्फटिकांच्या सांध्यांवर होता. निघाले बुडबुडे! भुकटीच्या कणांमधली पोकळी वितळताना एकत्र येऊन तारेतल्या धाग्यांमधली प्रवाहाची वाट अडवत होती. टॅलाहासीकरांनी भट्टीत सुमारे १०० वातावरणांचा दाब दिला, बुडबुडे चिरडले गेले आणि प्रवाह कित्येक पटींनी वाढला. हे २०१४मध्ये प्रसिद्ध झालं. कुठल्या मथळ्यात आलं? भट्टीपाशी उभं राहणाऱ्यांना श्रेय मिळत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

चांदी महाग आणि मऊ, चुंबकाच्या जोरापुढे तिला आधार लागतो, हे मान्य. फितीला मात्र अणुसंलयनाचं गिऱ्हाईक मिळालं : २०२१मध्ये एमआयटीच्या २० टेस्लाच्या वेटोळ्यात २६७ किलोमीटर फीत गेली. गोल तारेला असा वाली नाही. बर्कलेत तिच्या पीळदार केबल वळून कणांच्या प्रवेगकासाठी वेटोळी करून पाहत आहेत. पुढचा मथळा त्या वेटोळ्यांचा द्या.